मी थांबलो की हिचं वाक्य

४ तारीख, मंगळवार

लेकीच्या हुकमावरून ही वही सुरू करतोय. 'बाबा, बातम्या लिहीत नाही ना सध्या, मग डायरी तरी लिहा. मन मोकळं होतं,' असं ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, मन मोकळंच आहे गं, माल उचलून नेलेल्या गोदामासारखं. तिला ते विनोदी वाटलं नाही. थोडा वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला, मग तिला काहीतरी काम निघालं.

तर बातमीच्या शिस्तीनं लिहितो. कोण: माझी बायको, इंग्रजीची शिक्षिका. काय: वारली. केव्हा: गेल्या महिन्यात, सकाळी. कुठे: बाजाराच्या कोपऱ्यावर, हातातल्या पिशवीत लिंबं आणि खडूंची पेटी. कसं: हृदय बंद पडून. का: ते डॉक्टरांनी सांगितलं, पण लॅटिनमध्ये, माझं संस्कृत तिथं उपयोगी पडलं नाही. बातमी पूर्ण आहे. संपादकांनी एक शब्द कापला नसता.

मला काही होत नाहीये, हेही नोंदवून ठेवतो. झोप लागते. भूक लागते की नाही सांगता येत नाही, पण समोरचं ताट संपतं. लोक भेटायला आले, माझ्याकडे बघून त्यांनाच रडू आलं, मी त्यांना पाणी दिलं.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात तिघं उभे. आमच्या बाहेरच्या खोलीत ही आठवड्यातून तीन संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची, त्या वर्गातले. पुढे रुग्णालयातली सहायिका, तिला सगळे सिस्टर म्हणतात. मागे एक टॅक्सीवाला. मी मनातल्या मनात त्याला सारथी म्हणतो. त्याच्यामागे आजोबा, बसस्थानकावरून निवृत्त झालेले उद्घोषक. परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकतात.

'काका, वर्ग बंद का?' सिस्टर.

'बाई नाहीत.'

'ते माहीत आहे, आम्ही आलो होतो की तेव्हा. वर्ग बंद का, ते विचारतेय.'

मुद्दा असा की चोवीस तारखेला तिची परीक्षा आहे. श्रुतलेखन. डॉक्टर फोनवरून सांगतील ते इंग्रजीत बिनचूक उतरवता आलं तर ती परिचारिका होणार, नाहीतर जन्मभर चादरी बदलणार. सारखे ऐकू येणारे शब्द त्यात मुद्दाम पेरलेले असतात. दोनदा नापास झाली आहे. तिसरी खेप शेवटची.

मी म्हटलं, मी संस्कृतचा माणूस, वर्तमानपत्रात येऊन पडलो. इंग्रजी समजतं, शिकवता येत नाही.

'शिकवू नका. बाईंच्या डब्यातली वाक्यं वाचून दाखवा, आम्ही लिहितो.'

'वाचता येतं ना?' सारथीनं काळजीनं विचारलं.

हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते.

५ तारीख, बुधवार

पहिला वर्ग. बिस्किटांचा जुना डबा, त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर तिच्या अक्षरात एक वाक्य, आणि त्या वाक्यात एकाच आवाजाचे दोन शब्द. 'वेट' म्हणजे वाट बघणे आणि 'वेट' म्हणजे वजन. 'होल' म्हणजे भोक आणि 'होल' म्हणजे अख्खं. संस्कृतात जे दिसतं ते म्हणायचं आणि जे म्हणायचं तेच लिहायचं. इंग्रजीत लिहिणारा आणि बोलणारा यांची बहुधा गाठच पडलेली नाही. देवनागरीत लिहून बघितलं तर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे, आईलासुद्धा ओळखू येणार नाहीत. भोक आणि अख्खं यांना एकच आवाज देणाऱ्या भाषेबद्दल काय बोलावं!

सारथीला 'ब्रेक' फार आवडला, एक गाडी थांबवण्याचा, एक मोडण्याचा. 'एक ब्रेक वेळेवर लागला नाही की दुसरा होतो, काका.' त्याच्यापुरता विषय संपला.

वाचन मी झपाट्यानं उरकलं. लिहून किती झालं ते बघितलं नाही.

खोली विचित्र शांत वाटली. इतकी वर्षं या वेळी मी आतल्या खोलीत बसून दिवसाची बातमी टाइप करायचो आणि ही बाहेर शिकवायची. मधलं दार नीट लागत नाही. तिची एक खोड होती, ती आता लिहून ठेवायला हरकत नाही. मी पुढच्या वाक्याचा विचार करायला हात थांबवला की नेमकं त्याच क्षणी बाहेरून हिचं वाक्य सुरू. टाइप करत असेन तोवर गप्प. मी थांबलो की ही बोललीच. कितीतरी चांगली वाक्यं माझ्या डोक्यातून त्यामुळे पसार झाली. एकदा वैतागून विचारलं तर म्हणाली, 'तुम्ही थांबता म्हणून मी बोलते.' मी तो टोमणा समजून घेतला आणि परत टाइप करू लागलो. संसारात असे टोमणे पचवावे लागतात.

७ तारीख, शुक्रवार

आजची एक पट्टी: 'आय कॅन हिअर यू फ्रॉम हिअर.' एक 'हिअर' ऐकण्याचा, एक इथला. मला इथून तुझं ऐकू येतं. अगदी बेचव वाक्य. कोण, कुणाला, कुठून, काहीच पत्ता नाही. बातमीत असतं तर मी कापलं असतं. पट्टी मात्र सगळ्यांत मळलेली, कोपरे झिजलेले. का एवढी वापरली असेल कुणास ठाऊक.

सिस्टरनं मध्येच माझा हात धरला. 'काका, बोट भाजलंय तुमचं.'

बघितलं, तर खरंच. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फोड.

'कशानं?'

'चहा करताना असेल.'

'असेल म्हणजे? दुखत नाहीये?'

'नाही.'

तिनं पिशवीतून मलम काढून पट्टी बांधली. बांधताना माझ्या तोंडाकडे बघत होती, बोटाकडे नाही.

८ तारीख, शनिवार

विशेष काही नाही. शेजाऱ्यांनी सूप दिलं. संपलं.

१० तारीख, सोमवार

सिस्टरची वही तपासली. निम्मी वाक्यं अर्धवट. 'हील' टाचेचा तिथं बरं होण्याचा, 'पेन' दुखण्याचा तिथं खिडकीच्या काचेचा. सारथीच्या वहीत तर एका वाक्यात गाडी बरी होत होती. आजोबा लिहिता लिहिता मध्येच वर बघत राहतात, काहीतरी यायचं राहिलंय असं.

'बाईंच्या वेळी माझ्या एवढ्या चुका नव्हत्या,' सिस्टर म्हणाली.

'बाईंच्या वेळी बाई होत्या,' मी म्हटलं.

तिनं वही मिटली. मला वाटलं पटलं.

वातावरण हलकं व्हावं म्हणून दोन वाक्यांच्या मधल्या वेळात मी किस्से सांगतो. आज एका मंत्र्याचा सांगितला, भाषण चालू असताना ज्याचं धोतर खुर्चीच्या खिळ्यात अडकलं होतं. हमखास हसू येणारा किस्सा आहे, पत्रकार परिषदांमध्ये कायम चालतो. इथे तिघंही नम्रपणे हसले आणि पेन हवेत धरून बसले.

१२ तारीख, बुधवार

आज वर्गात एक चमत्कारिक प्रकार झाला. मी डब्यातली पुढची पट्टी उचलली तर सारथी एकदम म्हणाला, 'काका, ती राहू द्या.'

'का?'

'परीक्षेला येत नाही ती.'

'तुला काय माहीत, परीक्षा सिस्टरची आहे.'

'नाही येत,' सिस्टरही म्हणाली. आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

मी पट्टी वाचली. 'मॉर्निंग.' एक सकाळ, दुसरा शोक. अगदी साधी जोडी, सोडायचं काय कारण? मी फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं लिहिली, फरक समजावला. वाक्यात उपयोग करून दाखवा म्हटलं तर कुणी तोंड उघडेना. शेवटी मीच उदाहरण दिलं: तो सकाळी उठतो, तो शोकात आहे. दोन्ही वाक्यांत कर्ता एक, क्रियापद वेगळं, बघा किती सोपं.

सिस्टरनं रुमाल काढला. सर्दी असावी. हवा बदलतेय.

१३ तारीख, गुरुवार

संपादकांचा फोन. कधी येताय, घाई नाही, हवा तेवढा वेळ घ्या, पण कधी येताय. मग म्हणाले, 'वहिनींवर चार ओळी द्या की. जागा ठेवतो. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?'

गावातल्या निम्म्या मेलेल्या माणसांवर मी लिहिलं आहे. काहींवर तर ते जिवंत असतानाच लिहून ठेवलं आहे, वेळेवर धावपळ नको म्हणून. चार ओळी म्हणजे चहा निवेपर्यंतचं काम.

कीबोर्ड पुढे ओढला. लेकीनं दिलेला नवा, बिनआवाजाचा. दोन वर्षं कपाटात होता, कारण हिला तो खपत नसे. 'त्याला जीवच नाही हो, तुमचा जुनाच बरा,' असं म्हणून तिनं तो आत टाकून दिला होता. आता हरकत घ्यायला कुणी नाही, म्हणून जुना खडखड्या माळ्यावर टाकून हा काढलाय. छान आहे. काही ऐकू येत नाही.

चार ओळी झाल्या नाहीत. उद्या बघू.

१४ तारीख, शुक्रवार

आज सिस्टरनं पेन आपटलं.

'काका, तुम्ही थांबतच नाही!'

'थांबतो की. प्रत्येक वाक्यानंतर थांबतो.'

'तेव्हा तुम्ही बोलता.'

'किस्से सांगतो गं. मन रमावं म्हणून.'

'कुणाचं?'

ती पुढे बोलतच होती. 'बाई वाक्य दोनदा म्हणायच्या. मग गप्प. पूर्ण गप्प. त्या गप्पमध्ये आम्ही लिहायचो, कान परत लावून बघायचो, कुठला वेट, कुठला होल. लिहायचं काम तिथं होतं, काका, वाक्यात नव्हतं. तुम्ही ती जागाच ठेवत नाही. दहा दिवस राहिलेत माझे. परत चादरीच बदलायच्या का मी?'

सारथी म्हणाला, 'जाऊ दे ना, सिस्टर. काकांचं बघ जरा.'

'काकांचंच बघतेय.'

तेवढ्यात आजोबा म्हणाले, अगदी सहज, 'आणि ती टकटक का हो बंद केलीत?'

'कसली टकटक?'

'आतली. तुम्ही टाइप करायचात ती. ती गेल्यापासून माझं वाक्य सुटतं.'

'मला तर पहिले सहा महिने वाटायचं, बाईंनी आत मशीन बसवलंय,' सारथी म्हणाला. 'एकदा तुम्ही चहाचा कप घेऊन बाहेर आलात तेव्हा कळलं, माणूस आहे.'

मला अजून उमगत नव्हतं. मग सिस्टरनं समजावलं, फोनवर रुग्णाच्या नातेवाइकाला समजावतात तसं, सावकाश. बाई वाक्य दोनदा म्हणायच्या. आत टकटक चालू असेल तोवर आम्ही लिहायचं. टकटक थांबली की बाई पुढचं वाक्य सुरू करणार. अशी रीतच होती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बाई हेच सांगायच्या: 'घड्याळाकडे बघू नका. आपलं घड्याळ आत बसलंय. त्याला चावी लागत नाही, फक्त चहा.'

'आणि तुम्ही फार वेळ थांबला नाहीत तर?' आजोबा हसले. 'एखाद्या दिवशी मोठी बातमी असायची, टकटक संपायचीच नाही. बाई हात जोडून उभ्या. म्हणायच्या, आज सरकार पडलेलं दिसतंय.'

मी म्हटलं, 'अच्छा.'

मग पुढची पट्टी वाचली. दोनदा. आणि थांबून बघितलं. खोलीत काहीच नव्हतं. मला ते झेपेना, पुढचं वाक्य लगेच वाचून टाकलं.

'तुम्ही थांबता म्हणून मी बोलते' हे वाक्य वर ५ तारखेला लिहिलं आहे. तिथला 'टोमणा' हा शब्द खोडावा का, विचार करतोय.

१६ तारीख, रविवार

शिडी लावून माळ्यावरून जुना कीबोर्ड काढला. पुसायला घेतला. कळांच्या फटींत पांढरी पूड साचली होती. आधी वाटलं भिंतीचा चुना, पण खडूची होती. काडीला कापूस गुंडाळून काढत बसलो. बरीच निघाली. मी कधी खडूला हात लावत नाही. ती माझ्या मेजापाशी येऊन कशाला उभी राहायची? बहुधा चहा ठेवायला.

अर्धी साफ केली आणि बाकीची तशीच ठेवली. कारण काही नाही, कंटाळा आला.

१७ तारीख, सोमवार

नवी व्यवस्था. आजोबांना परीक्षा नाही, म्हणून पट्ट्या आजोबा वाचणार. मी आत.

जुना कीबोर्ड जोडला. दार नेहमीसारखं अर्धं लागलेलं. बाहेर आजोबांनी घसा साफ केला आणि बसस्थानकावरच्या त्यांच्या त्या आवाजात पहिलं वाक्य झालं. दोनदा म्हणायचं त्यांना सांगावं लागलं नाही, जन्मभर प्रत्येक गाडी त्यांनी दोनदाच सोडली आहे. फक्त वाक्य कुठल्याही विषयाचं असलं तरी ऐकणारा सामान उचलायला लागेल असं वाटतं.

मग माझी पाळी. काय टाइप करायचं हे ठरवलंच नव्हतं. कळा नुसत्याच बडवू लागलो. मग पाठ असलेली नामांची रूपं टाइप केली, प्रथमा, द्वितीया, तृतीया. संबोधनापाशी आलो आणि थांबलो.

बाहेरून वाक्य आलं.

आवाज आजोबांचा होता, यात काही शंका नाही. तरीही मी खुर्चीत अर्धा उठलो होतो, वैतागून, 'जरा विचार तरी करू दे' असं म्हणायला. ओठांपर्यंत आलं होतं. परत बसलो.

पुढे संध्याकाळभर तसंच. मी थांबलो की वाक्य. वर्ग संपल्यावर सिस्टरची वही बघितली. 'हील' टाचेचा टाचेला, 'पेन' दुखण्याचा दुखण्याला. तीनच चुका.

'बघा,' ती म्हणाली. 'डोकं होतं माझं जागेवर.'

जुन्या कळा फार जड आहेत. भाजलेलं बोट दुखतंय. चांगलंच दुखतंय.

२१ तारीख, शुक्रवार

परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग. सिस्टरची आज एकही चूक नाही, पण तिला बढाई मारायला जमत नाही. 'आज सोपी होती,' म्हणाली.

मध्ये एक घोटाळा झाला तो माझ्यामुळे. मी थांबलो होतो, आजोबांनी वाक्य घेतलं: 'आय कॅन हिअर यू फ्रॉम हिअर.' परत एकदा: 'आय कॅन हिअर यू फ्रॉम हिअर.' ती मळकी पट्टी.

आता टाइप करायची पाळी माझी. हात कळांवर होते. ते तिथेच राहिले. टकटक सुरूच होईना, म्हणून आजोबांना पुढचं वाक्य घेता येईना. बाहेर कुणी बोलत नव्हतं, आत मी.

'काका?' सिस्टरची हाक. 'लिहून झालंय आमचं.'

'हो हो,' मी म्हटलं. 'सरकार पडलंय.'

कुणी हसलं नाही. मी काहीबाही टाइप करायला लागलो.

वाक्य बेचव आहे असं ७ तारखेला लिहिलंय. संदर्भ नाही असंही लिहिलंय. वार्ताहरानं जागेवर हजर असावं म्हणतात. मी इतकी वर्षं जागेवर हजर होतो.

२४ तारीख, सोमवार

सिस्टरबरोबर रुग्णालयात गेलो. सारथीनं टॅक्सी आणली आणि भाड्याचं नाव काढलं तर गाडीतून उतरवीन म्हणाला. आत सोडत नाहीत. आम्ही बाहेरच्या बाकावर. औषधांचा वास, फरशी पुसणारी बाई, ओल्या फरशीवरून चवड्यांवर चालणारे लोक. सारथी म्हणाला, 'काका, तुम्ही पाय हलवताय.'

'हलवत नाहीये.'

'बाक हलतंय.'

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. 'परीक्षक कसाही थांबतो,' म्हणाली. 'एका वाक्याला इतका, एका वाक्याला काहीच नाही. पहिली दोन वाक्यं माझी गेलीच होती. मग मी त्याचं ऐकणं सोडलं.'

'म्हणजे?'

'वाक्य त्याचं घेतलं. थांबणं तुमचं घेतलं. बाकाखाली पायानं टकटक करत लिहिलं. मागच्या बाईनं तक्रार केली, तर पाय बदलला.'

सारथी इतक्या मोठ्यानं हसला की फरशी पुसणारीनं आम्हाला बाहेर काढलं.

२८ तारीख, शुक्रवार

पास.

फोन केला नाही, स्वतः आली, नव्या गणवेशात. दारात उभं राहून नुसती मान हलवली. मग फळ्यासमोर गेली, कोपऱ्यातला खडू उचलला, परत ठेवला.

'एक शब्द चुकला फक्त.'

'कुठला?'

'राहू द्या.'

'सांग की. जोडी पक्की करून घेऊ.'

'राहू द्या, काका.' आणि माझं बोट हातात घेऊन बघितलं. 'खपली धरलीये. खाजवू नका.'

कुठला शब्द ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. अवघड असावा.

१ तारीख, सोमवार

वर्गाचा वार. सिस्टरची पहिली पाळी आहे. सारथी लांबचं भाडं घेऊन गेलाय. आजोबांचा नातू आलाय, त्याला ते इंग्रजीत दोन-दोनदा सगळं सांगत असणार. पुढच्या सोमवारी येतो म्हणालेत. सारथी मेहुणीलाही आणणार आहे. लेक फोनवर विचारत होती, 'बाबा, माझ्याकडे कधी येताय?' म्हटलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून कधीही.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आतल्या खोलीत बसलो. बाहेरच्या खोलीतला दिवा लावला होता. कुणी येणार नव्हतं, पण अंधार असला की मधल्या दाराची फट नीट दिसत नाही.

संपादकांच्या चार ओळी घेतल्या. पहिली झाली: नाव, वय, शिक्षिका. ही सगळ्यांचीच असते. दुसरी झाली: किती वर्षं शिकवलं, किती जणांना. जड कळा, घरभर आवाज. तिसरी अशी झाली: त्यांच्या वर्गातलं घड्याळ आतल्या खोलीत बसलेलं असे, आणि ते घड्याळ आहे हे त्या घड्याळाला माहीत नव्हतं. वाचून बघितली. संपादक कापतील. मी खोडली नाही.

चौथ्या ओळीसाठी थांबलो.

थांबलो आणि वाट बघत राहिलो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बाहेर दिवा. फळा. टेबलावर बिस्किटांचा डबा. रस्त्यावरून एक गाडी गेली, मग तीही नाही. मी हात कळांवरून काढून मांडीवर ठेवले, पूर्ण थांबलो, थांबलोय याबद्दल कुणाला शंका राहू नये असा. डोळ्यांना काहीतरी झालं होतं, पडद्यावरची अक्षरं नीट दिसेनात. चष्मा पुसला. चष्म्याचा दोष नव्हता.

बाहेरून वाक्य आलं नाही.

तेव्हा मीच म्हटलं. बाहेरच्या खोलीत पोचेल इतक्या मोठ्यानं.

'आय कॅन हिअर यू फ्रॉम हिअर.'

रीतीप्रमाणे पुन्हा एकदा म्हटलं. मग काही न बोलता, किस्सा न सांगता, कुणाला तेवढं लिहून व्हावं इतका वेळ गप्प बसलो.